वाचकांचे प्रश्न : कंपायलरच्या पोटातले चित्र

(या वेळी कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारे साधन, आणि सिस्टिम्स या विषयांत एम.टेक. किंवा पीएचडी करणाऱ्यांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. आज्ञा आणि फ्लॅग उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलवर अर्थातच ते रोमन लिपीत द्यायचे.)

प्रश्न : क्लँगने (एलएलव्हीएम या कंपायलर-संचातला सी कंपायलर) एका सी फाइलचा एलएलव्हीएम आयआर (कंपायलरच्या आतले मधले रूप) काढला आणि ‘ऑप्ट’ने त्यावर ‘मेमटूरेग’ पास (मेमरीतली व्हेरिएबल रजिस्टरसारख्या मूल्यांत आणणारा टप्पा) चालवला. एरर नाही, पण लोड-स्टोअर (मेमरीतून वाचणे-लिहिणे) जसेच्या तसे. मग ‘डॉट-सीएफजी’ (कंट्रोल-फ्लो ग्राफ, म्हणजे कोडचे ब्लॉक आणि त्यांमधल्या उड्या, फाइलमध्ये लिहिणारा पास) चालवला. फाइल लिहिल्याचा संदेश आला, पण फोल्डरमध्ये काहीच नाही. काय चुकते आहे?
— एम.टेक. विद्यार्थी, पुणे

उत्तर : दोन्ही ठिकाणी साधनाने नियमानुसारच काम केले आहे, फक्त तुम्हाला सांगितले नाही.

आधी लोड-स्टोअरचे पाहू. ‘-ओ०’ (ऑप्टिमायझेशन नको) दिले की क्लँग प्रत्येक फंक्शनला ‘ऑप्टनन’ हे अ‍ॅट्रिब्यूट चिकटवतो. त्याचा अर्थ, या फंक्शनला हात लावू नका. ‘ऑप्ट’ मग त्यावरून मुकाट्याने पुढे जातो. आयआर फाइलच्या तळाशी ‘अ‍ॅट्रिब्यूट्स’ने सुरू होणारी ओळ वाचा, तिथे हा शब्द सापडेल. तो टाळण्यासाठी आयआर असा काढा : ‘क्लँग -ओ० -एक्सक्लँग -डिसेबल-ओ०-ऑप्टनन -एस -एमिट-एलएलव्हीएम’. नंतर ‘ऑप्ट -पासेस=मेमटूरेग -एस’. जुन्या ट्युटोरियलमध्ये ‘ऑप्ट -मेमटूरेग’ असे सुटे लिहिलेले दिसते; नव्या पास मॅनेजरला ‘-पासेस=’ लागते.

या वाटेने ‘ऑप्टनन’ जाते, पण त्याच्या जोडीला आलेले ‘नोइनलाइन’ राहते. म्हणून इनलायनिंगचे (फंक्शनचा मजकूर कॉलच्या जागीच उतरवण्याचे) चित्र काढायचे असेल तर ही आज्ञा उपयोगाची नाही. तेव्हा ‘-ओ१ -एक्सक्लँग -डिसेबल-एलएलव्हीएम-पासेस’ वापरा : फ्रंटएंडला (सी वाचून आयआर काढणाऱ्या भागाला) वाटते की ऑप्टिमायझेशन होणार आहे, म्हणून तो अडसर घालत नाही, पण प्रत्यक्षात एकही पास चालत नाही. बदल्यात आयआरमध्ये व्हेरिएबल कधी जन्मले, कधी संपले याच्या खुणा येतात आणि लूपला एखादा जास्तीचा ब्लॉकही चिकटतो.

आता ‘डॉट-सीएफजी’ची फाइल. ती तिथेच आहे. तिचे नाव ‘.मेन.डॉट’ असते, म्हणजे सुरुवातच टिंबाने, आणि लिनक्समध्ये अशी फाइल लपलेली असते. ‘एलएस -ए’ करा, दिसेल. मग ग्राफव्हिझमधल्या ‘डॉट’ या चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला सांगा : ‘डॉट -टीएसव्हीजी .मेन.डॉट -ओ मेन.एसव्हीजी’.

सगळे जुळले की नाही हे तपासायला मोठा प्रोग्राम घेऊ नका. शून्यापासून एन-पर्यंतची बेरीज करणारे, एकाच ‘फॉर’ लूपचे फंक्शन पुरे. ‘-ओ०’च्या आयआरमध्ये त्याचे पाच ब्लॉक दिसतील (एन्ट्री, अट, बॉडी, वाढ, शेवट), ३ अलोका (स्टॅकवर जागा राखणारी इन्स्ट्रक्शन), ६ लोड आणि ५ स्टोअर. मेमटूरेगनंतर अलोका, लोड, स्टोअर तिन्ही शून्य आणि अटीच्या ब्लॉकमध्ये दोन फाय (कुठल्या वाटेने आलो त्यावरून मूल्य निवडणारी इन्स्ट्रक्शन) : एक ‘आय’साठी, एक बेरजेसाठी. हे आकडे जुळले नाहीत तर पुढच्या चित्रावर वेळ घालवू नका. नावांऐवजी नुसते १, २, ३ दिसत असतील तर तो क्लँगच्या रिलीज बिल्डचा स्वभाव, ‘-एफनो-डिस्कार्ड-व्हॅल्यू-नेम्स’ द्या.

प्रश्न : आमच्याकडे जीसीसीवर (एलएलव्हीएमसारखाच दुसरा कंपायलर-संच) काम चालते. तिथे असे चित्र निघते का, की एलएलव्हीएमकडेच वळावे?
— संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : निघते. ‘-एफडंप-ट्री-ऑल-ग्राफ’ दिले की जिंपलवरच्या (जीसीसीच्या मधल्या रूपावरच्या) पासांची ‘.डॉट’ फाइल मिळते, आणि त्यात लूप चौकटीत चौकट अशा रीतीने आपोआप दाखवलेले असतात. एलएलव्हीएमच्या साध्या डंपमध्ये ही सोय नाही. अडचण होते ती नावांची. डंप फाइलच्या नावात पासचा क्रमांक आणि एक अक्षर असते (ट्रीसाठी ‘टी’, यंत्राच्या जवळच्या आरटीएल या रूपासाठी ‘आर’). हा क्रमांक जीसीसीच्या प्रत्येक आवृत्तीत सरकतो. स्क्रिप्टमध्ये क्रमांक लिहून ठेवलात तर सहा महिन्यांनी ती दुसराच पास उचलेल किंवा काहीच उचलणार नाही. पासच्या नावावरून शोधा, क्रमांकाच्या जागी तारांकन ठेवा. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने घेतलेल्या कार्यशाळांमुळे जीसीसीच्या आतल्या रचनेवर आपल्याकडे चांगले अध्यापन-साहित्य आहे. मार्गदर्शक जीसीसीवर असतील तर केवळ चित्रासाठी गाडी बदलण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझ्या फंक्शनच्या कंट्रोल-फ्लो ग्राफमध्ये सुमारे ३,००० ब्लॉक आहेत. ‘डॉट’ वीस मिनिटे झाली तरी संपत नाही, आणि संपले तरी हाती येते ती गुंतवळ. शिवाय पुढच्या पासनंतर पुन्हा चित्र काढले की सगळे ब्लॉक जागा बदलतात, त्यामुळे काय बदलले तेच कळत नाही.
— पीएचडी विद्यार्थी, मुंबई

उत्तर : ‘डॉट’ आतून काय करते ते कळले की निम्मा उपाय आपोआप सुचतो. सुगियामा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेली थरांची पद्धत ते वापरते. आधी चक्रे तोडायची, मग प्रत्येक नोडला (इथे ब्लॉकला) थर द्यायचा, मग थरात डावे-उजवे ठरवून छेद कमी करायचे, मग नेमकी जागा ठरवायची आणि शेवटी वळणदार रेघा ओढायच्या. एखादी एज (दोन नोडांना जोडणारी रेघ) ४० थर ओलांडत असेल तर मधल्या प्रत्येक थरावर एक खोटा नोड बसतो, म्हणजे एका एजमागे ३९. तुमचे ३,००० नोड यंत्राच्या दृष्टीने केव्हाच काही पटींनी वाढलेले असतात. छेद कमीत कमी करण्याचा प्रश्न तर दोनच थर असले तरी एनपी-हार्ड आहे, म्हणजे अचूक उत्तर झटपट काढणारी रीत माहीत नाही. ‘डॉट’ तिथे अंदाजाने काम चालवते.

म्हणून पहिला घाव लांब एजांवर. त्या बहुधा दोन जातींच्या असतात : जिथून-तिथून एकाच एरर-ब्लॉककडे धावणाऱ्या आणि मोठ्या ‘स्विच’च्या. एरर-ब्लॉक एकच न दाखवता जिथून उडी आहे तिथेच त्याची छोटी खुंटी काढा. आलेखशास्त्राच्या दृष्टीने ही लबाडी आहे, वाचणाऱ्याच्या दृष्टीने नाही. एलएलव्हीएममध्ये ‘-सीएफजी-हाइड-अनरीचेबल-पाथ्स’ हा फ्लॅग त्यातला काही भाग आयताच करून देतो, आणि ‘-सीएफजी-फंक-नेम’ने एकच फंक्शन निवडता येते. त्यानंतर एकच वाट आत आणि एकच बाहेर असलेल्या ब्लॉकांच्या माळा एका चौकटीत गुंडाळा. मग सर्वांत आतले लूप एकेका बंद पेटीसारखे दाखवा, क्लिक केल्यावर उघडणारे. एलएलव्हीएमचे लूप-विश्लेषण ‘गोटू’ने मध्येच शिरलेले, म्हणजे दोन तोंडे असलेले लूप मोजतच नाही. ते वेगळे शोधून वेगळ्या खुणेने दाखवा, नाहीतर तुमच्या पेट्यांबाहेर एक चक्र फिरताना दिसेल आणि परीक्षक नेमके तेच विचारतील.

चक्र तोडण्याचे काम ‘डॉट’वर सोडू नका. कुठली एज उलटी धरायची हे ते फाइलमधल्या क्रमावरून ठरवते. तुम्हाला मात्र डॉमिनेटर ट्रीवरून (कुठल्या ब्लॉकमधून गेल्याशिवाय कुठे पोहोचता येत नाही हे सांगणारा वृक्ष) बॅक-एज, म्हणजे लूपच्या तोंडाशी परतणाऱ्या एज, नक्की माहीत आहेत. एन्ट्री ब्लॉक फाइलमध्ये पहिला लिहा आणि बॅक-एजांना ‘कन्स्ट्रेंट=फॉल्स’ द्या. एवढ्याने लूप उलटे लटकणे थांबते.

तरीही अडकले तर ‘डॉट -व्ही’ चालवून कुठल्या टप्प्यावर थांबले ते बघा. थर ठरवताना अडकले असेल तर ‘एनएसलिमिट१’ कमी करा, जागा ठरवताना अडकले असेल तर ‘एनएसलिमिट’, छेदांवर अडकले असेल तर ‘एमसीलिमिट’, आणि रेघा ओढताना अडकले असेल तर ‘स्प्लाइन्स=लाइन’. न बघता सगळेच फिरवत बसणे म्हणजे अंधारात सुई शोधणे.

जागा बदलण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि मला विचाराल तर तुमच्या प्रबंधाचा खरा मजकूर तिथे आहे. दोन चित्रे वेगवेगळी मांडूच नका. पासच्या आधीचा आणि नंतरचा ग्राफ यांचा संयोग घ्या, त्याची एकदाच मांडणी करा, मग प्रत्येक चित्रात जे नाही ते फिके करा. जागा एकदा ठरल्या की ‘नीटो -एन’ त्या तशाच ठेवून चित्र काढते. यात अडते ते ओळख पटवण्यात : आधीचा कुठला ब्लॉक म्हणजे नंतरचा कुठला? एलएलव्हीएममध्ये ब्लॉकला स्वतःचा मेटाडेटा (सोबतची जादा माहिती) लावता येत नाही. शेवटच्या इन्स्ट्रक्शनला लावता येतो, पण पासांना तो टाकून देण्याची मुभा आहे. नावांवर विसंबलात तर लूप अनरोल झाल्यावर (त्याची बॉडी ओळीने अनेकदा लिहिली गेल्यावर) ‘.१’, ‘.२’ अशी शेपटे लागलेल्या प्रती येतात. त्या मूळ ब्लॉकच्या जवळ, त्याच रंगाच्या फिक्या छटेत ठेवा. डीबग-ओळींचा क्रमांक हा तिसरा पुरावा. तिन्ही मिळूनही जे ब्लॉक जुळणार नाहीत, त्यांना जुळवल्याचा आव आणू नका. ‘नवा’ म्हणून दाखवा.

प्रश्न : रजिस्टर अ‍ॅलोकेशन (कुठले व्हेरिएबल कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायचे ते) दाखवताना इंटरफिअरन्स ग्राफ (एकाच वेळी जिवंत असलेल्या व्हेरिएबलना जोडणारा) काढावा की लाइव्ह इंटरव्हल (प्रत्येक व्हेरिएबल कुठून कुठपर्यंत जिवंत आहे त्याची पट्टी)? पाठ्यपुस्तकात ग्राफ आहे, पण माझ्या ग्राफमधून मला स्वतःलाच काही कळत नाही.
— एम.एस. विद्यार्थिनी, इलिनॉय

उत्तर : इंटरव्हल. ग्राफ पाठ्यपुस्तकात आहे कारण ग्रेगरी चैटिन यांनी आयबीएममध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रश्न रंगभरणीचा प्रश्न म्हणून सोडवला. तो सिद्धांत समजावायला पाच-सहा नोडांचे चित्र फार छान आहे. पण एकाच वेळी २० व्हेरिएबल जिवंत असतील तर त्या एका ठिकाणीच प्रत्येकाची प्रत्येकाशी रेघ, म्हणजे १९० रेघा. माणसाला त्यातून एकच गोष्ट हवी असते : कुठे रजिस्टर पुरले नाहीत? ती आडव्या पट्ट्यांत लगेच दिसते. खाली प्रत्येक बिंदूला किती व्हेरिएबल जिवंत आहेत याचा आलेख आणि उपलब्ध रजिस्टरांची एक रेघ काढा. एक्स८६-६४ वर सामान्य कामाची १६ रजिस्टर आहेत, त्यांतला स्टॅक पॉइंटर वगळला की १५. आलेख त्या रेघेवर जिथे डोके काढतो तिथे स्पिल (मूल्य मेमरीत ठेवणे) अपेक्षित. एसएसए (प्रत्येक व्हेरिएबलला एकदाच मूल्य देणाऱ्या) स्वरूपातल्या प्रोग्रामचा इंटरफिअरन्स ग्राफ कॉर्डल असतो, म्हणजे एका क्षणी जास्तीत जास्त जितकी व्हेरिएबल जिवंत, तितकेच रंग पुरतात. त्यामुळे ही रेघ नुसती सजावट नाही.

पट्ट्या काढताना दोन चुका हमखास होतात. एक, लूपच्या आधी जन्मलेले आणि लूपमध्ये वाचले जाणारे व्हेरिएबल. ओळींच्या क्रमाने त्याचा शेवटचा वापर लूपच्या मध्यावर असतो, म्हणून पट्टी तिथे संपवली जाते. पण बॅक-एजने पुन्हा वर गेल्यावर तेच वाचायचे आहे, तेव्हा पट्टी लूपच्या शेवटापर्यंत न्यायला हवी. नाहीतर चित्रात रजिस्टर मोकळे दिसते आणि अ‍ॅलोकेटर ते देत नाही. दुसरी चूक फायची. फायचा वापर फाय असलेल्या ब्लॉकमध्ये मोजू नका. ज्या ब्लॉकमधून ते मूल्य येते त्याच्या अखेरीस मोजा. हे चुकले तर दोन फांद्यांतून येणारी मूल्ये एकाच वेळी जिवंत असल्यासारखी दिसतात आणि दाब उगाच फुगतो.

एलएलव्हीएममधून आकडे घेणार असाल तर तिथे प्रत्येक इन्स्ट्रक्शनला एक नाही, चार खाचा असतात. सगळ्या दाखवू नका, पण हिशेबात धरा. एकाच इन्स्ट्रक्शनवर एक मूल्य संपते आणि दुसरे त्याच रजिस्टरमध्ये जन्मते, ते या खाचांमुळेच शक्य होते.

प्रश्न : कंपायलरचा वेळ कुठे जातो हे पाहायला फ्लेम ग्राफ (ठरावीक वेळाने घेतलेल्या कॉल-स्टॅकच्या नमुन्यांचे चित्र) काढला. डावीकडे पार्सिंग आणि उजवीकडे कोड जनरेशन असा क्रम अपेक्षित होता, पण तसा दिसत नाही. अर्धे मनोरे ‘अननोन’ आहेत ते वेगळेच.
— पीएचडी विद्यार्थी, बेंगळुरू

उत्तर : फ्लेम ग्राफमधला आडवा अक्ष म्हणजे काळ नव्हे. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये मायएसक्यूएलचा एक प्रश्न सोडवताना ही पद्धत बनवली. तीत सारखे स्टॅक एकत्र यावेत म्हणून फंक्शने वर्णानुक्रमाने लावतात. रुंदी म्हणजे नमुन्यांची संख्या, उंची म्हणजे कॉलची खोली, आणि नेहमीच्या लाल-पिवळ्या रंगाला काहीही अर्थ नाही. (यावर विश्वास न ठेवणारे बरेच भेटतात.) तुम्हाला काळाचा क्रमच हवा असेल तर क्लँग ९ पासून असलेला ‘-एफटाइम-ट्रेस’ द्या. जेसॉन फाइल मिळते, ती परफेटोमध्ये (ट्रेस पाहायचे साधन) उघडा. त्यात ५०० मायक्रोसेकंदांहून छोट्या घटना आपोआप गाळल्या जातात. छोटे टेम्प्लेट हजारोंनी असतील तर तेच गळून बेरीज कमी भरते. ‘टोटल’ नावाने येणाऱ्या बेरजा त्यासाठी बघा.

‘अननोन’ आणि तुटके मनोरे बहुतेक वेळा फ्रेम पॉइंटर (कोणी कोणाला बोलावले याचा माग ठेवणारे रजिस्टर) नसल्यामुळे येतात. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ पासून वितरणातली पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसह बांधली जातात, पण तुम्ही स्वतः बांधलेल्या एलएलव्हीएमला ते लागू नाही. ‘-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ देऊन, ‘रेलविथडेबइन्फो’ (ऑप्टिमाइझ केलेला, पण डीबग-माहितीसह) प्रकारात पुन्हा बांधा. डीबग बिल्डचा प्रोफाइल काढू नका, त्यात वेळ भलत्याच ठिकाणी जाताना दिसतो. पुन्हा बांधणे शक्य नसेल तर ‘पर्फ’ला (लिनक्समधले नमुने घेणारे साधन) ड्वॉर्फ, म्हणजे डीबग-माहितीवरून स्टॅक उलगडायची, पद्धत सांगता येते, पण तेव्हा प्रत्येक नमुन्यामागे स्टॅकचे ८,१९२ बाइट उचलले जातात. ९९ हर्ट्झला हे दर सेकंदाला दर कोअरमागे सुमारे ०.८ एमबी. आणि ८ केबीत न मावणारा खोल स्टॅक तरीही तुटणारच; कंपायलरचा पार्सर स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतो, त्यामुळे हे इथे जास्त होते.

९९ का, १०० का नाही? १०० हर्ट्झच्या टायमरवर चालणाऱ्या कामांशी ताल जुळून नमुने एकाच जागी पडू नयेत म्हणून. ३० सेकंदांत एका कोअरचे २,९७० नमुने होतात. पण तुमची फाइल ०.३ सेकंदात कंपाइल होत असेल तर हाती जेमतेम ३० नमुने येतील, आणि त्यांवर चित्र काढणे म्हणजे शितावरून भाताऐवजी अख्ख्या पंगतीची परीक्षा. वारंवारता ९९९ वर न्या किंवा तीच फाइल शंभरदा कंपाइल करा. ढोबळ हिशेब असा : एखाद्या फंक्शनला ३० नमुने मिळाले तर पाच-सहाचा फरक नुसत्या योगायोगाने पडतो. ३० विरुद्ध ३६ यावर ‘२० टक्के सुधारणा’ असे लिहू नका.

प्रश्न : टूल तयार आहे, सगळ्यांना आवडते. गाइड म्हणतात, “चित्र छान आहे, पण यात संशोधन काय?” काय उत्तर द्यावे?
— पीएचडी विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : गाइड बरोबर आहेत. ‘आवडते का’ हा प्रश्न प्रश्नावलीतून काढूनच टाका. समोर बसलेला ज्युनिअर नाही म्हणणार आहे का?

त्याऐवजी कामे द्या, उत्तर बरोबर की चूक हे ठरवता येईल अशी. उदाहरणार्थ, मुद्दाम बिघडवलेला एक पास द्या आणि कुठल्या पासने चुकीचा कोड तयार केला ते शोधायला सांगा. वेळ आणि अचूकता दोन्ही मोजा. तुलना रिकाम्या हाताशी करू नका. लोक आज ‘-प्रिंट-चेंज्ड’चा (पासने बदललेला आयआर छापणाऱ्या फ्लॅगचा) मजकूर डोळ्यांनी चाळतात, म्हणून तुलना त्याच्याशी हवी. प्रत्येकाला दोन्ही साधने वापरायला द्या, पण कामांचे दोन संच करा आणि क्रम फिरवा. दोन साधने गुणिले दोन संच म्हणजे चार क्रम, त्यामुळे माणसे चारच्या पटीत घ्या : १२ किंवा १६. १४ घेतलीत तर काही क्रम जास्त वेळा येऊन शिकण्याचा परिणाम साधनाच्या खात्यात जमा होतो.

तुमच्या टूलमुळे प्रोग्राम वेगवान झाला असा दावा असेल तर आणखी जपा. मायटकोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की नुसता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा आकार किंवा फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला तरी मोजलेला वेग बदलतो. लिंकचा क्रम यादृच्छिक करून अनेकदा मोजा आणि सरासरीबरोबर पसाराही छापा. दोन-तीन जणांवर आधी रंगीत तालीम करा, आणि ते आकडे अंतिम तक्त्यात मिसळू नका.

प्रश्न : एसव्हीजी की कॅनव्हास? आणि रंग कुठले?
— एम.टेक. विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : काही हजार आकृत्यांपर्यंत एसव्हीजी (प्रत्येक आकृती वेगळी ठेवणारे स्वरूप) : क्लिक आणि टूलटिप फुकट मिळतात, आणि प्रबंधात छापायलाही तीच फाइल चालते. त्यापुढे ब्राउझर अडखळू लागला की कॅनव्हास (नुसते पिक्सेल रंगवणारा), पण तिथे माउसखाली कुठली पट्टी आहे ते स्वतः शोधावे लागते. ट्रेसमध्ये एका पिक्सेलपेक्षा अरुंद घटना असतील तर त्या एकावर एक काढू नका, त्या पिक्सेलमधली एकूण व्याप्ती मोजून एकच उभी रेघ काढा. नाहीतर शेवटी काढलेली घटनाच दिसते आणि तीच महत्त्वाची वाटते. कमी-जास्त दाखवायला इंद्रधनुष्य नको, व्हिरिडिससारखी एकसारखी उजळत जाणारी पट्टी घ्या. आधी-नंतरच्या फरकासाठी लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी, आणि काढून टाकलेल्या ब्लॉकला तुटक कडा, म्हणजे कृष्णधवल झेरॉक्समध्येही तो ओळखता येतो.